‘रस्त्यावर येतं थोडं’

ताई, नमस्कार.

मी एकोणतीस वर्षांचा आहे. कोल्हापुरात चुलत्यांच्या इस्टेट एजन्सीत सहा वर्षं काम करतोय. वडील लवकर गेले. काकांनीच हाताला धरून या धंद्यात आणलं, महारेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाची, परीक्षाही त्यांनीच द्यायला लावली.

सध्या एका तळमजल्याच्या फ्लॅटचा सौदा ठरलाय. अपार्टमेंट वीस वर्षांचं, जयंती नाल्यापासून जवळ. २०१९ला आणि २०२१ला, दोन्ही वेळा आत छातीएवढं पाणी होतं. २०२१च्या पंचनाम्याचा अर्ज मालकांच्या वतीनं काकांनीच भरून दिला होता. यंदा मार्चमध्ये मालकांनी पाच फुटांपर्यंतचा गिलावा उतरवून नवा केला. पुट्टी, रंग, नवी दारं. आता घर बघून कुणाला शंकासुद्धा येणार नाही.

घेणारे आजऱ्याकडचे. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, बायको खासगी दवाखान्यात नर्स, दोन लहान मुलं. व्यवहार ३८ लाखांचा, त्यात कर्ज २८ लाखांचं. संचकाराचे, म्हणजे विसाराचे, २ लाख त्यांनी दिलेत. खरेदी बारा दिवसांवर आली आहे. घर बघायला आल्या तेव्हा त्या बाईंनी सरळ विचारलं, ‘पावसाळ्यात इथं पाणी येतं का?’ काका म्हणाले, ‘रस्त्यावर येतं थोडं.’ मी शेजारीच उभा होतो. काही बोललो नाही.

काका म्हणतात, आपण जागा दाखवतो, ग्यारंटी देत नाही. रेरा कायदा जुन्या फ्लॅटला लागू नाही. बँकेनं कर्ज मंजूर केलंय, वकिलांनी सर्च रिपोर्ट दिलाय. घेणाऱ्यानं आपली चौकशी आपण करायला नको का? दोन्हीकडचा एकेक टक्का मिळून ७६ हजार येणार आहेत आणि दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे.

अजून एक सांगायचंय. गेल्या दिवाळीत त्याच गल्लीतला एक ब्लॉक मी स्वतः एका निवृत्त मास्तरांना दिला. त्यांनी पाण्याचं विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही. भेटले की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. आता मे संपत आला. मी काय करू?

— एक एजंट, कोल्हापूर

* * *

तुमच्या हातात बारा दिवस आहेत, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून. खरेदी होण्याआधी त्या नवराबायकोला सांगा. दोन्ही पुरांत घरात पाणी होतं, छातीएवढं होतं, भिंती मार्चमध्ये नव्या केल्या, हे सगळं सांगा. त्यातलं निम्मं सांगून निम्मं ठेवू नका.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस थांबून राहिले. ‘रस्त्यावर येतं थोडं.’ यातला शब्दही खोटा नाही. पाणी रस्त्यावर येतंच. पण त्या बाईंनी घराचं विचारलं होतं आणि काकांनी रस्त्याचं सांगितलं. सरळ ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी जाता जाता शेजारी चौकशी केली असती, कारण कोरडं ‘नाही’ ऐकलं की माणसाला खात्री करून घ्यावीशी वाटते. ‘थोडं’ ऐकल्यावर माणूस निवांत होतो. हा एजंट वाईटही सांगतोय, म्हणजे प्रामाणिक आहे, असं त्याला वाटतं. त्या बाईंचा विश्वास त्या ‘थोडं’मुळे बसला, आणि तुम्ही शेजारी गप्प उभे राहिलात तेव्हा त्याच्यावर तुमचीही सही झाली.

आता त्या बाईंच्या जागी उभं राहून बघा. आजऱ्याच्या माणसाला पाऊस नवा नाही. पावसाचं त्यांना कुणी शिकवायला नको. पण नाल्यातून उलटं चढून येणारं पाणी त्यांनी कधी पाहिलेलं नसणार. आपल्याकडं जयंती नाला एरवी शहराचं पाणी नदीला नेऊन देतो. पंचगंगा चढली की त्याचं पाणी नदी घेत नाही, उलट नदीच नाल्यातून आत शिरते. म्हणून नदी दिसतही नाही अशा गल्ल्यांत, व्हीनस कॉर्नरपासून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत, घराघरांत पाणी होतं. मे महिन्यात तो नाला बघितला तर तळाला काळं पाणी आणि प्लास्टिक. त्याकडं बघून कोण म्हणेल की हा छातीपर्यंत येतो?

आपल्याला ते कळतं, कारण आपण इथं वाढलो. जुलै लागला की कोल्हापुरात दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना एकच विचारतात, ‘किती फूट?’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की आपण मनात तास मोजायला लागतो. मच्छिंद्री झाली, म्हणजे शिवाजी पुलाच्या खुणेपर्यंत पाणी चढलं, म्हटल्यावर खालच्या गल्ल्यांतली माणसं सांगायची वाट न बघता गाद्या माळ्यावर टाकतात. २०१९ला आणि २०२१ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा कोणत्या चौकात, कोणत्या पायरीपर्यंत पाणी होतं, ते इथल्या माणसाला विचारावं लागत नाही. या शहराजवळ हे ज्ञान आहे आणि त्या नर्सबाईंजवळ ते नाही. ते मिळावं म्हणूनच तर त्या तुम्हाला ३८ हजार देणार आहेत. जागा दाखवायला मोबाईल पुरला असता.

काकांच्या मुद्द्यांकडं येते. बँकेचा मुद्दा सोपा आहे. बँक आपलं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते: मालकी कुणाची, बोजा आहे का, किंमत कर्जाला पुरते का. वकिलांचा सर्च रिपोर्ट नोंदणी कार्यालयातल्या दस्तांचा असतो. भिंतीत काय मुरलंय ते त्यात कुठून येणार? ज्यांनी ते काम हाती घेतलंच नव्हतं, त्यांच्या नावावर काका आपली जबाबदारी टाकतायत.

रेराचा मुद्दा अर्धा खरा आहे. एजंटाची नोंदणी सक्तीची करणारं कलम ९ आणि त्याची कर्तव्यं सांगणारं कलम १० ही मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहेत. वीस वर्षांच्या अपार्टमेंटमधली फेरविक्री त्यात बसत नाही. पण तुम्ही ती परीक्षा दिली आहे. एजंटानं खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करायचं नाही, घेणाऱ्याला मिळायला हवी ती माहिती आणि कागद मिळवून द्यायचे, मोडलं तर दिवसाला १० हजार आणि चढत चढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड, हे तुम्ही वाचलं आहे. नव्या स्कीममधल्या गिऱ्हाइकाशी खरं बोलायचं आणि जुन्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाशी नाही, अशी दोन मापं एकाच टेबलावर ठेवून तुम्हाला तरी झोप लागेल का?

शिवाय रेरा नसला तरी कायद्याची जागा मोकळी नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ विकणाऱ्याला सांगतं की मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष तुला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साध्या काळजीनं त्याला सापडणार नाही, तो तू सांगायचा. न सांगणं म्हणजे फसवणूक, हेही त्याच कलमाच्या शेवटी लिहिलेलं आहे. १८७२च्या करार अधिनियमात कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे कपट आहे, आणि कपटानं मिळालेल्या संमतीवरचा करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. त्याच कायद्याचं कलम २३८ काकांना वाचून दाखवा. एजंटानं मालकाच्या कामात केलेला खोटेपणा मालकानंच केल्यासारखा धरला जातो. म्हणजे ‘रस्त्यावर येतं थोडं’ हे वाक्य कोर्टात गेलं तर ते मालकांच्या तोंडी जाईल. त्यांचं भलं करतोय असं काकांना वाटतंय, पण त्यांनी मालकांना अडकवून ठेवलंय. आणि तुम्ही त्या बाईंकडून पैसे घेणार, म्हणजे तुम्ही त्यांनाही सेवा देताय; सेवेतली कसूर म्हणून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध जाण्याची वाट त्यांना खुली आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तर तुम्हाला म्हणताच येणार नाही. पंचनाम्याच्या अर्जावर अक्षर काकांचं आहे.

दस्तात ‘मिळकत आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली’ असं वाक्य घालून मोकळं होता येईल, असं कुणीतरी सुचवेल. जे दिसत होतं त्यापुरतं ते वाक्य ठीक. गिलाव्याखाली झाकलेलं त्याच्या आडोशाला ठेवायचा विचार करू नका.

राहिला तो मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपला: घेणाऱ्यानं चौकशी करायला नको का? हवी. पण चौकशी कशाची करणार? पुरात बुडालेली भिंत खुणा सोडते. पाणी जिथपर्यंत चढलं तिथं पिवळट रेघ राहते, त्याच्या वर हातभर ओल चढते, महिन्याभरात लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, दाराची चौकट खालून फुगते, स्विचबोर्डात गंज दिसतो. सजग माणूस हेच शोधतो. मालकांनी पाच फुटांपर्यंतचा गिलावा उतरवला तो उगाच नाही. पाणी चार फूट होतं आणि ओल पाच फुटांवर गेली होती. म्हणजे त्या बाईंनी जे बघून ओळखलं असतं, तेच नेमकं काढून टाकलेलं आहे. दुरुस्ती करण्यात चूक नाही, पूर गेल्यावर प्रत्येकाला ती करावीच लागते. पण दुरुस्ती करायची, तिच्याबद्दल गप्प बसायचं आणि वर म्हणायचं की बघून घ्यायला हवं होतं, हे तिन्ही एकत्र चालणार नाही. आणि एवढंही असताना त्यांनी चौकशी केली होती. तुमच्यासमोर केली होती. एजंटाला तोंडावर विचारणं ही चौकशी नसेल तर काय आहे?

आमच्या घराचं एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एजंट ओळखीतला होता. ‘वर गच्ची, हवा भरपूर, उन्हाळ्यात पंखा लागणार नाही,’ म्हणाला. वास्तुशांतीला सहकुटुंब आला, पंगतीत माझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून जेवला. जूनमध्ये पहिल्या झडीला बैठकीच्या छतातून धार लागली. मी पातेली घेऊन धावत होते तेव्हा शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘तुम्हाला सांगितलं नव्हतं व्हय? आधीचे त्यापायीच तर गेले.’ गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं, पैसे गेले, तीन पावसाळ्यांनी ते मिटलंही. पण त्या माणसाला ते माहीत होतं आणि माहीत असताना तो माझ्या घरात बसून दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होता, हे काही मिटलं नाही. अजून तो महाद्वार रोडला समोरून आला की दुकानाच्या काचेत बघायला लागतो. माझा राग केव्हाच ओसरला आहे, पण त्याला मान वर करता येत नाही. तुमच्या पत्रातला मास्तरांचा चहा वाचून मला तो माणूस आठवला. तुम्ही अजून मान वर करू शकता.

आणि आमचं ते नुसतं छत होतं. दोन लहान पोरं असलेल्या घरात रात्री दोनला पाणी शिरतं तेव्हा काय होतं, ते मी तुम्हाला सांगावं असं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर आपल्या रस्त्यांच्या कडेनं काय पडलं होतं, आठवून बघा. भिजून दगड झालेल्या गाद्या, उलटे पडलेले फ्रीज, चिखलानं चिकटलेल्या वह्या, आणि त्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांना निदान माहीत होतं की आपण पूरपट्ट्यात राहतो. या जोडप्याला ते पाणी पायाला लागल्यावर कळणार, २८ लाखांचा पहिला-दुसरा हप्ता भरून झाल्यावर.

आता काय करायचं ते.

आधी काकांशी बोला, पण ऑफिसात, फोन वाजत असताना नाही. घरी जा. काकूही बसू देत. त्यांनी तुम्हाला उभं केलं, ते आधी म्हणा, कारण ते खरं आहे. मग सांगा की हा व्यवहार असा होणार नाही, मी बाईंना सांगणार आहे, आणि तुम्ही स्वतः सांगितलंत तर ते जास्त शोभेल. चिडतील. ‘मला शिकवतोस?’ म्हणतील. म्हणू द्या. काकांच्या पिढीनं हा धंदा शब्दावर चालवला, चिठ्ठीवर लाखांचे सौदे केले, याचा त्यांना अभिमान असणार. त्याच शब्दाची गोष्ट आहे, हे त्यांना तुमच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही. कलम २३८ तेव्हा खिशात असू द्या. माया कामाला आली नाही तर धोका कामाला येईल.

त्याच दिवशी मालकांकडे. त्यांना दुष्ट समजू नका. दोनदा घर बुडालेला माणूस आहे तो. त्यातून सुटायला बघतोय. त्यांना सांगा की पूर लपवून विकलेलं घर परत त्यांच्या गळ्यात येऊ शकतं, सांगून विकलेलं येणार नाही. पूरपट्ट्यातलं घर विकूच नये असं माझं म्हणणं नाही. माहीत असून घेणारे लोक असतात: कुणाला दुकान-गोदामाला हवं असतं, कुणाची वरच्या मजल्यावर नात्यातली माणसं असतात, कुणाचं बजेट तेवढंच असतं आणि वर्षातले ते दहा दिवस कसे काढायचे याची त्यांची तयारी असते. त्यांना ते घर त्याच्या खऱ्या किमतीला मिळावं. ३८ लाख ही कोरड्या घराची किंमत आहे.

मग त्या दोघांकडं. फोनवर नको, आणि एकट्या बाईंना गाठूनही नको. नवराबायको दोघं असताना त्यांच्या सवडीनं जा. त्यांना त्या फ्लॅटवर घेऊन जा आणि हात लावून दाखवा की पाणी इथपर्यंत होतं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी गाठ घालून द्या, तुम्ही बाजूला व्हा, त्यांना हवं ते विचारू द्या. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे विभागाकडं आणि महापालिकेच्या नगररचना विभागात बघायला मिळतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अपार्टमेंट कुठल्या रेषेच्या आत आहे ते काढून त्यांच्या हातात द्या. त्याचा संबंध नुसत्या पाण्याशी नाही. उद्या इमारत पाडून नवी बांधायची झाली तर परवानगीला हीच रेषा आडवी येते. आणि स्पष्ट सांगा की माघार घ्यायची असेल तर संचकाराचे २ लाख परत मिळवून द्यायची जबाबदारी तुमची. ‘संचकार बुडतो’ या भीतीनं माणसं वाईट घर गळ्यात घेतात. इथं गोष्ट लपवली गेली होती, बुडवायचा हक्क मालकांना नाही. मालक अडून बसले तर त्या दोघांना वकिलाकडं तुम्हीच घेऊन जा.

सगळं ऐकून त्यांनी किंमत कमी करून घर घेतलं, तर दस्तात लिहून घ्या. असं काहीतरी: ‘सदर मिळकतीत ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरात सुमारे चार फूट पाणी आले होते. चालू वर्षी मार्च महिन्यात पाच फूट उंचीपर्यंत गिलावा नव्याने केलेला आहे. ही माहिती लिहून देणार व मध्यस्थ यांनी लिहून घेणार यांना खरेदीपूर्वी दिलेली असून ती विचारात घेऊन किंमत ठरली आहे.’ शब्द वकिलांकडून नीट करून घ्या. हे वाक्य मालकांनाही वाचवतं आणि तुम्हालाही. खरं तर संचकाराच्या आधीच असा कागद प्रत्येक जुन्या घराच्या व्यवहारात व्हायला हवा: पूर आला होता का, गळती आहे का, बोअरला पाणी किती, घरफाळा थकलाय का, सोसायटीत भांडण आहे का. उद्या तुमची स्वतःची एजन्सी झाली तर पहिला फॉर्म हा छापा. कोल्हापूर एवढं मोठं नाही. कोणता एजंट पुराचं आपणहून सांगतो, ही गोष्ट एका पावसाळ्यात गावभर होईल.

काका अजिबात ऐकलेच नाहीत तर? तरी सांगायचं, आणि या व्यवहारातला तुमचा वाटा घ्यायचा नाही. मी हे सहज म्हणत नाही. काही दिवस घरात अबोला राहील. कदाचित एजन्सी सोडावी लागेल. तुमच्याकडं परीक्षेचं प्रमाणपत्र आहे, सहा वर्षांची ओळख आहे, वय २९ आहे. मला याहून जास्त काळजी त्या दोघांची वाटते, कारण त्यांच्याकडं दुसरे ३८ लाख नाहीत. बहिणीच्या लग्नाचं म्हणाल, तर लग्न थोडं साधं झालेलं तिला चालेल की नाही ते तिलाच विचारा. तिच्या नावावर हे पैसे घ्यायचे असतील तर ते कुठून आले ते तिला माहीत असायला हवं. मला वाटतं तुम्ही तिला हे अजून सांगितलेलं नाही.

आता मास्तर. त्यांनी विचारलं नाही, म्हणून तुम्ही खोटं बोलला नाहीत, अशी स्वतःची समजूत घालू नका. तुम्ही ती घालत नाही आहात हे पत्रावरूनच दिसतं, नाहीतर त्यांच्या चहाचा उल्लेख आला नसता. त्यांच्याकडं तर बाईंच्याही आधी जा. बाईंकडं बारा दिवस आहेत. मास्तर राहायला आलेले आहेत आणि पाऊस तोंडावर आला आहे.

चहा होऊ द्या, पण चहा संपायची वाट बघू नका. सांगा की सर, या घरात २०१९ला आणि २०२१ला पाणी आलं होतं, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. ‘राहून गेलं’ म्हणू नका. घेतलेलं कमिशन पाकिटात घालून सोबत न्या. घेतील, न घेतील, तुमच्यावर ओरडतील, किंवा काहीच बोलणार नाहीत. मास्तर लोकांचं गप्प बसणं फार जड असतं. ते सोसा. त्यांना कायद्यानं काही करायचं असेल, मालकावर किंवा तुमच्यावर, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांना त्यापासून वळवायला जाऊ नका. पंचनाम्याचं काय माहीत आहे ते विचारतील तर सांगा.

आणि मग हाताला काम द्या. मीटर आणि बोर्ड वर घ्यायला वायरमन आणा, पैसे तुमचे. घराच्या विम्यात पूर धरलेला असतो. भारत गृह रक्षा ही पॉलिसी २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे एकाच धर्तीवर मिळते. फॉर्ममध्ये मागचा पूर लपवू नका म्हणावं, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच अडथळा होईल. पेन्शनचे कागद, खरेदीपत्र, औषधांची यादी एका पिशवीत वरच्या मजल्यावर कुणाकडं ठेवायची ते आत्ताच ठरवा. त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सगळ्यात वर टाका, आणि जुलैत बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना लागलं की त्यांचा फोन यायच्या आत टेम्पो घेऊन त्यांच्या दारात उभे राहा.